अख्खं पॅनल निवडून आणायचंय का?

2025 च्या गणपतीत इकडे न्यू जर्सीत, एडिसनला, एका मित्राकडे आरती झाल्यावर मोदक खाता खाता जोरदार वाद झाला, विषय टेक्सास. तिथल्या गव्हर्नरने नुकतीच नवीन नकाशावर सही केली होती, जनगणना नाही काही नाही, दशकाच्या मधेच मतदारसंघ परत कापले आणि हेतू लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, रिपब्लिकन पक्षाला पाच जागा जास्त हव्यात म्हणून कापले. त्याच्यावर कॅलिफोर्नियाने आमचापण नकाशा बदलतो म्हणून तयारी सुरू केलेली. तर आमचे एक काका, तीस वर्षं इकडे आहेत, ते म्हणाले, "अरे हे मतदारसंघच कशाला हवेत? रेषा पुसून टाका, अख्ख्या राज्याने मिळून सगळे खासदार निवडायचे, कापायला काही उरलंच नाही तर कापणार काय?" निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. समोरून एकाने ठामपणे सांगितलं की असं करताच येणार नाही, मतदारसंघ घटनेतच लिहिलेत. आणि मग अर्धा तास दोन्ही बाजू एकमेकांवर ओरडत राहिल्या.

माझं म्हणणं सरळ आहे, दोघंही चूक आहेत, पण काकांची चूक जास्त महागात पडणारी आहे. घटनेत मतदारसंघ हा शब्दच नाही, पहिल्या कलमात एवढंच आहे की निवडणूक कुठे, कधी, कशी ते राज्याची विधानसभा ठरवेल आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, त्यात बदल करता येईल. म्हणजे काकांचा उपाय घटनेला चालतो. इतका चालतो की तो करून झालेला आहे, एकदा नाही, 1788 पासून 1968 पर्यंत कुठल्या ना कुठल्या राज्यात चालूच होता. आणि दोन मोठे पक्ष समोरासमोर असले की त्याचा निकाल बहुतेक वेळा एकच आला, ज्या पक्षाला थोडी जास्त मतं तो सगळ्या जागा घेऊन गेला. रेषा पुसल्या म्हणून गेरीमँडरिंग (आपल्या पक्षाच्या सोयीने मतदारसंघ कापणं) जात नाही, राज्याची सीमा हीच शेवटची रेषा होऊन बसते.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावायला खरंतर पाच मिनिटं लागू नयेत, कारण आपण साखर कारखान्याच्या नाहीतर बाजार समितीच्या निवडणुका बघितलेल्या आहेत. तिथे काय होतं? दोन पॅनल उभी राहतात, सभासदाकडे जागा असतील तितकी मतं, आणि तो आपल्या पॅनलच्या चिन्हावर धडाधड शिक्के मारत जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी काय, अमुक पॅनलचा सर्व जागांवर दणदणीत विजय. विरोधी पॅनलला शंभरातली पंचेचाळीस मतं असतात पण संचालक मंडळात एक खुर्ची मिळत नाही. अमेरिकेत अख्ख्या राज्यातून खासदार निवडायची जुनी पद्धत म्हणजे हुबेहूब हेच. दहा जागा असतील तर प्रत्येकाला दहा मतं, 52 टक्केवाल्यांचे दहाच्या दहा, 48 टक्केवाल्यांचा भोपळा. यात कुणी नकाशाला हातसुद्धा लावलेला नाही!

पहिल्याच काँग्रेसमध्ये पेनसिल्व्हेनियाने आठ खासदार असे अख्ख्या राज्यातून निवडले, हाऊसचा (आपल्या लोकसभेसारखं सभागृह) पहिला स्पीकर फ्रेडरिक म्युलेनबर्ग त्यातलाच. पण खरी मजा आमच्या न्यू जर्सीची आहे. 1838 ला सहा जागा होत्या, सगळ्या राज्यव्यापी, आणि दोन्ही पॅनलमधला फरक साधारण शंभर मतांच्या आसपास. आता इतक्या थोडक्या मतांवर एक जागा इकडेतिकडे झाली तर कुणी फार आरडाओरडा करत नाही, इथे मात्र पाच जागा एकदम लटकल्या. मिडलसेक्स काउंटीतल्या साउथ अँबॉयची मतं मोजणीत धरली नाहीत (एडिसनपासून गाडीने किती लांब आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको), तशीच मिलव्हिलची, आणि व्हिग पक्षाच्या (तेव्हाचा डेमोक्रॅटांचा मुख्य विरोधी पक्ष) गव्हर्नर पेनिंग्टनने राज्याचा मोठा शिक्का मारून आपल्या लोकांना प्रमाणपत्रं देऊन टाकली. डिसेंबर 1839 मध्ये हाऊस भरलं तेव्हा दोन्ही पक्ष जवळपास बरोबरीत, त्या पाच जागा ज्याच्या त्याचं हाऊस. हाऊसच्या क्लार्कने, म्हणजे सचिवाने, न्यू जर्सीची नावं पुकारायलाच नकार दिला, सभागृहाला अध्यक्ष नाही, कामकाज नाही, शेवटी माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांना तात्पुरतं खुर्चीवर बसवलं. स्पीकर निवडायला दोन आठवडे गेले आणि मार्च 1840 मध्ये त्या पाच जागांवर शेवटी डेमोक्रॅट बसले. दोन गावांच्या मतांवर देशाचं सभागृह अडकतं यात दोष नुसता त्या गव्हर्नरचा धरायचा का? मला नाही वाटत. जिथे एका शंभराच्या फरकावर पाच जागा ठरतात तिथे कुणी ना कुणी शिक्का घेऊन बसणारच.

आणि ही पद्धत साधेपणाने, भोळेपणाने आलेली असायची असंही नाही. अलाबामात तोपर्यंत मतदारसंघ होते, पाचपैकी दोन जागा व्हिग पक्षाकडे. विधानसभा डेमोक्रॅटांच्या हातात, त्यांनी मतदारसंघ काढून 1841 ची निवडणूक राज्यव्यापी केली आणि पाचच्या पाच जागा घेतल्या. म्हणजे काका ज्याला गेरीमँडरिंगवरचा इलाज म्हणतात तेच गेरीमँडरिंगचं जास्त आळशी रूप म्हणून वापरलं गेलंय, वेडीवाकडी रेष काढायचीपण मेहनत नाही.

यावर चिडून काँग्रेसने 1842 ला कायदा केला की एक मतदारसंघ एक खासदार. आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की तो कायदा करणारे व्हिग काही संत नव्हते, राज्यव्यापी पद्धतीत आपणच धुतले जातोय हे त्यांना दिसत होतं. जॉर्जिया, मिझुरी, मिसिसिपी आणि न्यू हॅम्पशायर या चार राज्यांनी कायदा मानलाच नाही, राज्यव्यापी निवडणूक घेऊन खासदार पाठवून दिले. त्यात अलेक्झांडर स्टीफन्स नावाचा जॉर्जियाचा एक तरुण व्हिग होता, पोटनिवडणुकीत तशाच पद्धतीने निवडून आलेला, आणि त्याने हाऊसमध्ये उभं राहून सांगितलं की माझी स्वतःची निवड बेकायदेशीर आहे. तर डेमोक्रॅट बहुमताच्या समितीकडून स्टीफन डग्लसने अहवाल दिला की तो कायदाच काँग्रेसच्या अधिकाराबाहेर आहे, आणि सगळ्यांना बसवून घेतलं. पुढे हाच स्टीफन्स फुटीर दक्षिणेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला, त्यामुळे त्याचं कौतुक करायला माझा हात आखडतो, पण त्या दिवशी तो बरोबर होता.

बरं, आता दुसऱ्या बाजूचे खरे मुद्दे, कारण ते आहेत आणि हलके नाहीत. पहिला, मतदारसंघ असूनही भोपळा मिळतोच की. मॅसॅच्युसेट्समध्ये नऊच्या नऊ खासदार डेमोक्रॅट, तिथे 2024 ला ट्रम्पना तीनातल्या एकाहून जास्त मतं पडली होती, आणि रिपब्लिकन पक्षाने तिथे हाऊसची शेवटची जागा जिंकली 1994 ला. ओक्लाहोमात उलटं, पाचही रिपब्लिकन. मतदार सगळीकडे सारखे पसरलेले असले की रेषा कितीही सरळ मारा, अल्पमतवाल्यांना काही मिळत नाही. हे मान्य, शंभर टक्के मान्य. पण मग याच्यावरचा इलाज म्हणून सगळीच राज्यं मॅसॅच्युसेट्स करायची? टेक्सासच्या नव्या नकाशात 38 पैकी 30 चं गणित मांडलंय म्हणून आपण संतापलोय. 2024 ला ट्रम्पना टेक्सासमध्ये साधारण 56 टक्के मतं होती. रेषा पुसून पॅनल लावा, 38 पैकी 38 होतील. कॅलिफोर्नियात 52 पैकी 52 उलट्या बाजूला. दोन अन्याय एकमेकांना कापतात म्हणून हिशोब जमतो असं कुणी म्हणेल, पण टेक्सासच्या ह्यूस्टनमधल्या डेमोक्रॅट मतदाराला कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या डेमोक्रॅटचा खासदार कसा पुरणार?

दुसरा मुद्दा जास्त जड आहे, तो जॅनेट रँकिनचा. अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली बाई, 1916, मोंटाना, आणि ती राज्यव्यापी पद्धतीतून आली. दोन जागा होत्या, ती दुसरी आली, पहिला आलेला डेमोक्रॅट. म्हणजे लोकांनी पॅनल फोडून मतं दिली, एक मत पक्षाला आणि एक तिला. पुढच्या निवडणुकीआधी राज्याचे दोन मतदारसंघ पाडले, तिच्या वाट्याला डेमोक्रॅटांचा पट्टा आला, ती 1918 ला सिनेटकडे वळली आणि हरली. पॅट्सी मिंकही 1964 ला हवाईच्या दोन राज्यव्यापी जागांपैकी एका जागेवरून आली. मिनेसोटाने तर 1932 ला नऊ जागा राज्यव्यापी निवडल्या आणि निकाल काय, फार्मर-लेबर पाच, रिपब्लिकन तीन, डेमोक्रॅट एक. ही उदाहरणं माझ्या म्हणण्याला टोचतात, मी ती लपवणार नाही. पण नीट बघा, मोंटाना आणि हवाईत जागा दोनच, उमेदवाराचा चेहरा लोकांना माहीत. मिनेसोटात तीन तुल्यबळ पक्ष आणि उमेदवार बघून मत देणारे मतदार. आजच्या अमेरिकेत असं क्रॉस व्होटिंग करणारे किती उरलेत? लोक पक्षाचं अक्षर बघून खालपर्यंत शिक्के मारतात. आणि रँकिन 1940 ला परत निवडून आली ती मतदारसंघातूनच, मिंकही 1970 पासून मतदारसंघातून जिंकत राहिली. त्यांना दार उघडलं त्याचं श्रेय राज्यव्यापी पद्धतीला द्यायला मी तयार आहे, पण त्या दोघी त्या दारावाचून अडल्या असत्या हे मला पटत नाही.

1932 चं नाव आलंच आहे तर तिथे जरा थांबतो, कारण सगळ्यात स्वच्छ पुरावा तिथे आहे. 1930 च्या जनगणनेनंतर काही राज्यांच्या जागा कमी झाल्या, नवीन नकाशावर एकमत होईना, मिनेसोटा आणि मिझुरीत गव्हर्नरांनी व्हेटो मारला, व्हर्जिनियात कोर्टाने नकाशा रद्द केला. सुप्रीम कोर्ट म्हणालं गव्हर्नरचा व्हेटो वैध, नकाशा नाही तर राज्यव्यापी निवडणूक घ्या. मिझुरीत 13, केंटकीत 9, व्हर्जिनियात 9, एकूण 31 जागा, आणि 31 च्या 31 डेमोक्रॅट. मिझुरीत व्हेटो मारणारे गव्हर्नर कॉलफिल्ड स्वतः रिपब्लिकन होते, विरोधकांचा नकाशा अन्यायकारक म्हणून अडवला आणि आपल्याच पक्षाला शून्यावर नेऊन ठेवलं.

इथे कुणीही हुशार माणूस म्हणेल की 1932 म्हणजे रूझवेल्टची लाट, सगळीकडेच डेमोक्रॅट जिंकले, पद्धतीचा काय दोष? हा आक्षेप चांगला आहे, मलाही आधी तसंच वाटायचं. पण मग 1934 बघा. लाट ओसरलेली नव्हती, देशभरात डेमोक्रॅटांच्या जागा उलट वाढल्या. फरक एवढाच की मिझुरी आणि केंटकी मतदारसंघांवर परत आली, आणि लगेच मिझुरीच्या ओझार्क डोंगराळ भागातून ड्यूई शॉर्ट आणि केंटकीच्या आग्नेय डोंगरातून जॉन रॉब्सियन असे दोन रिपब्लिकन निवडून आले. त्या डोंगरातली माणसं 1932 ला काय सुट्टीवर गेली होती? ती तिथेच होती, मतंपण त्यांनी दिली होती, ती राज्याच्या ढिगाऱ्यात दिसेनाशी झाली होती. (व्हर्जिनियात 1934 लाही नऊच्या नऊ डेमोक्रॅटच आले, तेही सांगतो, दक्षिणेचं गणितच वेगळं.)

आणि त्या निवडणुकीत जिंकलं कोण, मतदार की तिकीट वाटणारा? मिझुरीत कॅन्सस सिटीचा टॉम पेंडरगास्ट म्हणून एक साहेब होता, सरकारी पद काही नाही पण शहरातली गठ्ठा मतं त्याच्या मुठीत. मतदारसंघ असते तर त्याचं वजन त्याच्या शहरापुरतं. प्रायमरीच (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) राज्यव्यापी झाली म्हटल्यावर कुठल्यातरी लांबच्या कोपऱ्यातल्या उमेदवारालाही कॅन्सस सिटीच्या मतांची गरज पडायला लागली, आणि 1908 मेन स्ट्रीटवरच्या त्याच्या साध्याशा ऑफिसात उमेदवार आशीर्वाद घ्यायला जायला लागले. हे चित्र मराठी माणसाला समजावून सांगायची गरज आहे का? अख्खं राज्य एक मतदारसंघ झाला की घरोघरी फिरणारा कार्यकर्ता मागे पडतो, यादी करणारा आणि पैसा लावणारा पुढे येतो.

अलाबामाने 1962 ला अजून एक विचित्र प्रकार केला. जागा नऊवरून आठ झाल्या, कुणाचा मतदारसंघ मोडायचा ते ठरेना, म्हणून जुन्या नऊ मतदारसंघांतून प्रायमरीत नऊ जण निवडायचे आणि मग राज्यव्यापी फेरीत सगळ्यात कमी मतं पडणारा बाद. संगीतखुर्चीच. 1964 ला अशाच फेरीत कार्ल इलियट बाद झाला, विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचं कर्ज मिळवून देणाऱ्या 1958 च्या शिक्षण कायद्याच्या शिल्पकारांपैकी एक. स्वतःच्या भागाने त्याला पाठवलं होतं, वर्णभेदवादी गव्हर्नर जॉर्ज वॉलेसच्या अलाबामाला मात्र तो जास्तच मवाळ वाटत होता. काळ्या मतदारांचं तर विचारूच नका. मोबाईल शहरात 1911 पासून तीन कमिशनर अख्ख्या शहरातून निवडायचे, वस्तीत साधारण एक तृतीयांश काळे लोक, आणि 1980 ला सुप्रीम कोर्टात केस पोचली तोपर्यंत एकही काळा कमिशनर झालेला नव्हता. 1965 ला मतदान हक्क कायदा आला, काळे लोक मत द्यायला लागले, आणि लगेच भीती अशी की दक्षिणेतली राज्यं आता मतदारसंघच काढून टाकतील म्हणजे मत असूनही उपयोग नाही. 1967 च्या डिसेंबरमध्ये एक खासदार एक मतदारसंघ हा नियम परत आला त्यामागे हे एक मोठं कारण होतं. तो नियम एका डॉक्टरच्या इमिग्रेशनच्या खासगी बिलाला जोडून पास केला होता, इतका मोठा बदल आणि असा मागच्या दाराने, अमेरिकन काँग्रेसच्या कारभारावर मी काही बोलत नाही.

बाबासाहेबांचं उदाहरण मला इथे आठवतं, पद्धत वेगळी आहे हे मान्य करूनच. 1952 ला मुंबईत द्विसदस्यीय मतदारसंघात ते राखीव जागेवर काँग्रेसच्या काजरोळकरांकडून हरले. जागा दलितांसाठी, पण ती कुणाला द्यायची हे ठरवणारी मतं सगळ्यांची. प्रतिनिधी कुणाचा आणि त्याला निवडणारे कोण, हा प्रश्न त्यांनी गोलमेज परिषदेपासून लावून धरला होता. ते द्विसदस्यीय मतदारसंघ आपण 1961 ला कायदा करून बंद केले.

काका म्हणतील मग तू आहे त्याचीच वकिली करतोयस. नाही! आणि वाद वाईट पद्धतीने चाललाय असं मी म्हणतो ते याच्यासाठी. भांडण रेषेवर चाललंय आणि खरी गडबड मोजणीत आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजची सिटी कौन्सिल घ्या, नऊ नगरसेवक, अख्ख्या शहरातून, एकही वॉर्ड नाही, म्हणजे काकांचं स्वप्न, आणि तरी 1941 पासून तिथे अल्पमतवाल्या गटांना जागा मिळत आल्यात. कसं? कारण मतदार पसंतीक्रम लिहितो आणि कोटा (निवडून यायला लागतील तितकी मतं) पूर्ण झाला की जास्तीची मतं पुढच्या पसंतीला जातात. हे आपल्याला परकं नाही, राज्यसभा आणि विधान परिषदेला आमदार असंच मत देतात, पहिल्या पसंतीची मतं, कोटा किती, कोणाचे आमदार फुटले, टीव्हीवर तासन् तास तेच. आता कल्पना करा विधान परिषदेच्या आमदारांमधून निवडायच्या जागांना कोट्याऐवजी कारखान्यासारखं पॅनल लावलं, जागा तितकी मतं. सत्ताधारी आघाडीने प्रत्येक वेळी सगळ्या जागा नेल्या असत्या. तेच आमदार, तेच सभागृह, फक्त मोजणी वेगळी.

आणि अमेरिकेत याचं सगळ्यात मोठं जिवंत उदाहरण दर चार वर्षांनी समोर येतंच की. इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्यवार मतं. कॅलिफोर्नियात ज्याला एक मत जास्त त्याला 54 च्या 54, आणि यावर हीच मंडळी, काका धरून, दर वेळी वैतागतात की माझ्या मताला किंमत नाही. मेन आणि नेब्रास्का सोडली तर सगळीकडे तेच. जी गोष्ट राष्ट्राध्यक्ष निवडताना नकोशी वाटते तीच हाऊसमध्ये सुधारणा म्हणून कशी काय चालते हे मी आरतीच्या दिवशी विचारलं, काका म्हणाले मोदक गार होतायत.

तर 1967 चा कायदा बदलायला माझी हरकत नाही, उलट बदलायलाच हवा, कारण तीन ते पाच जागांचे मोठे मतदारसंघ करून पसंतीक्रमाने मोजायचं असेल तर आडवा तोच येतो. व्हर्जिनियाचे खासदार डॉन बायर यांनी 2017 ला मांडलेलं बिल नेमकं हेच म्हणतं, मोठे मतदारसंघ आणि पसंतीक्रम दोन्ही एकत्र. पण त्या बिलाचे दोन तुकडे आहेत हे लक्षात ठेवून बोला. पहिला तुकडा, एक मतदारसंघ एक खासदार ही अट काढणं, हा सोपा आहे, ऐकायलाही गोड आहे. दुसरा, मोजणी बदलणं, हा अवघड, समजायला वेळ लागणारा, आणि दोन्ही पक्षांच्या बड्या नेत्यांना नको असलेला. तडजोडीत पहिला राहिला आणि दुसरा गळाला तर टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, नकाशावर महिनाभर गोंधळ घालायची गरजच उरणार नाही, एका दुपारी एका ओळीचं बिल आणि 38 च्या 38.